नगरचे ह्यूमसाहेब: शिष्य मोठे झाले की गुरुजींनी काय करायचं?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली थोडी पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं जसंच्या तसं ठेवलं आहे.)

नमस्कार मंडळी!

आज सुरुवात याच शब्दापासून करू. 'मंडळी'. आपण प्रत्येक भागात हा शब्द वापरतो, म्हणजे तुम्ही सगळे ऐकणारे. पण नगर जिल्ह्यातल्या एखाद्या ख्रिस्ती घरात 'मंडळी' म्हणालात, तर त्याचा अर्थ वेगळा होतो. मंडळी म्हणजे गावातला ख्रिस्ती समाज, रविवारी उपासनेला एकत्र जमणारी माणसं. 'आमच्या मंडळीचे पाळक' म्हणजे त्या समाजाचे धर्मगुरू.

आजची गोष्ट अशाच एका पाळकाची आहे. ते शिक्षकही होते. जन्म भायखळ्याचा, पासपोर्टाच्या भाषेत अमेरिकन, आणि आयुष्याची बावन्न वर्षं गेली नगरमध्ये. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण गोष्ट जुनी आहे म्हणून मी आज नगरच म्हणणार आहे. चालेल ना?

त्यांचं नाव रॉबर्ट ॲलन ह्यूम.

थांबा, हे ते ह्यूम नाहीत!

ह्यूम म्हटलं की शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातला एकच माणूस आठवतो. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, १८८५ च्या काँग्रेसच्या स्थापनेतले. मीसुद्धा हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा तोच घोटाळा केला होता. ते इंग्रज सनदी अधिकारी, आणि पक्ष्यांचे मोठे अभ्यासक. आपले ह्यूम अमेरिकन मिशनरी. दोघांचं काही नातं नाही.

पण एक गंमत सांगतो. नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याला सॅम्युएल फेअरबँक नावाचे अमेरिकन मिशनरी राहायचे. त्यांनाही पक्ष्यांचा नाद. त्यांनी खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि नगर भागातल्या पक्ष्यांची यादी केली, आणि ती १८७६ मध्ये त्या काँग्रेसवाल्या ह्यूमच्या पक्षीविषयक नियतकालिकात छापून आली. पुढे याच फेअरबँकांची मुलगी केटी आपल्या ह्यूमसाहेबांची बायको झाली. म्हणजे नातं नसलं तरी दोन ह्यूमांमध्ये एक पक्षीवेडा सासरा आहेच.

समुद्रात गेलेले वडील

आता मागे जाऊ. १८१२ मध्ये अमेरिकेच्या बोस्टन शहरातल्या एका मिशन संस्थेनं आपले पहिले तरुण मिशनरी भारताकडे पाठवले. संस्थेचं लांबलचक नाव सोडून देऊ, आपण तिला 'अमेरिकन बोर्ड' म्हणू. त्यातला एक, ॲडोनिरम जडसन, प्रवासात अभ्यास करता करता बॅप्टिस्ट मताचा झाला, बोर्डापासून वेगळा झाला आणि ब्रह्मदेशात गेला. तिथल्या बॅप्टिस्टांचा तो मूळ पुरुष मानला जातो. राहिलेल्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईला पोचले. तिथून सुरू झालं अमेरिकन मराठी मिशन. १८३१ च्या अखेरीस या मिशननं नगरला ठाणं मांडलं.

नगरचं हे ठाणं आपल्या ओळखीच्या बऱ्याच गोष्टींना जोडलेलं आहे. सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन शिक्षिका इथे मुलींच्या शाळा चालवायच्या. जोतीराव फुल्यांनी त्या शाळा पाहिल्या आणि मुलींची शाळा काढायची प्रेरणा तिथून मिळाली, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरलाच सुरू झालं. पुढे ते मुंबईला गेलं, आणि तिथे काही वर्षं ते चालवलं रॉबर्ट विल्सन ह्यूम यांनी. हे आपल्या गोष्टीतल्या ह्यूमचे वडील.

मुलाचा जन्म भायखळ्यात, १८ मार्च १८४७ चा. सात वर्षांचा होईपर्यंत त्याचं जग म्हणजे मुंबई. मग वडिलांची तब्येत ढासळली आणि सगळं कुटुंब अमेरिकेला निघालं. साल १८५४. सुएझचा कालवा अजून पंधरा वर्षं लांब होता. जहाज आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून जायचं, प्रवास महिनोन्महिने चालायचा. त्या प्रवासातच वडील वारले. आई मुलांना घेऊन मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्ड गावी पोचली.

विचार करा. सगळे म्हणतायत, 'आपण घरी चाललोय.' पण ज्याला घर म्हणतायत ते त्या पोरानं पाहिलेलंच नाही. आणि जे पाहिलंय ते भायखळा मागे पडलंय. आज ज्यांचं बालपण दुबईत किंवा न्यू जर्सीत गेलंय, त्यांना हे चटकन कळेल. 'तू मूळचा कुठला?' हा प्रश्न काहींना आयुष्यभर पुरतो.

मुलगा हुशार निघाला. १८६८ मध्ये येल विद्यापीठाची पदवी घेतली, मग धर्मशास्त्र शिकला, शेवटचं शिक्षण अँडोव्हरच्या धर्मशास्त्र विद्यालयात. १८७४ मध्ये पाळकपदाची दीक्षा झाली, लग्न झालं, आणि त्याच वर्षी गडी नगरला हजर! पहिली बायको ॲबी. तिचे वडील एबेनेझर बर्जेस हे 'सूर्यसिद्धान्त' या आपल्या ज्योतिषग्रंथाचं इंग्रजी भाषांतर करणारे मिशनरी. ॲबी १८८१ मध्ये वारली. केटी फेअरबँकशी लग्न झालं ते नंतर, १८८७ मध्ये.

कुठलं नगर?

सत्तावीस वर्षांचा हा तरुण ज्या नगरमध्ये आला, तिथे तेव्हा रेल्वे नव्हती. दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला १८७८ मध्ये. नगर म्हणजे किल्ला, लष्करी छावणी, बाजारपेठ, आणि शहराबाहेर पडलात की कोरडवाहू शेती. पाऊस आला तर ज्वारी-बाजरी, नाही आला तर सावकार.

आणि हे नुसतं बोलायचं म्हणून नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. ते लोण नगर जिल्ह्यातही पसरलं. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. त्यातून सावरतोय तोवर १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ. म्हणजे मराठीत धड प्रवचन द्यायला शिकायच्या आतच ह्यूमनी पहिला दुष्काळ पाहिला.

मिशनकडे येणारी माणसं कोण होती? काही ब्राह्मण होते. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना नगरला पाळकपदाची दीक्षा मिळाली होती. पण खेड्यापाड्यांतून आलेले बहुतेक लोक महार आणि मांग समाजातले. त्यांच्यासाठी मिशनच्या शाळेचा अर्थ साधा होता: ही अशी जागा, जिथे आपल्या पोराला आत बसू देतात. गावच्या चावडीवर जे मिळत नव्हतं, ते एका खोलीच्या शाळेत मिळत होतं. पाटी, मुळाक्षरं, आणि नाव घेऊन हाक मारणारे मास्तर.

पण हे मास्तर आणायचे कुठून?

१८७८: शिकवणाऱ्यांची शाळा

इथे ह्यूमच्या आयुष्यातलं मुख्य काम सुरू होतं. १८७८ मध्ये त्यांनी नगरला धर्मशास्त्र विद्यालय काढलं, इंग्रजीत ज्याला थिऑलॉजिकल सेमिनरी म्हणतात. पाळक आणि उपदेशक तयार करणारी शाळा. खेड्यातला उपदेशक म्हणजे फक्त रविवारचा माणूस नव्हता. तोच बऱ्याचदा मास्तर, तोच पत्रं वाचून दाखवणारा, तोच कचेरीत अर्ज लिहून देणारा. त्यामुळे या शाळेतून बाहेर पडणारा एक माणूस म्हणजे एका गावाला मिळालेलं बरंच काही.

आता या गोष्टीतला खरा पेच नीट समजून घेऊ. तो पुढे शेवटपर्यंत लागणार आहे.

हे मिशनरी ज्या पंथाचे, त्याचं नाव काँग्रिगेशनल. त्यांचं मूळ तत्त्व, आणि बॅप्टिस्टांचंही तेच, असं की प्रत्येक गावची मंडळी स्वतंत्र. वर बिशप नाही, पोप नाही. पाळक कोण हवा ते मंडळीनं ठरवायचं, पैसा मंडळीनं उभा करायचा, निर्णय मंडळीनं घ्यायचा. ऐकायला अगदी ग्रामसभेसारखं.

पण नगरमध्ये प्रत्यक्षात काय चाललं होतं? पगार बोस्टनहून. इमारती मिशनच्या. कोणाला कुठल्या गावी पाठवायचं हे ठरवणारे साहेब. मराठी पाळक कितीही शिकलेला असला तरी तो पगारी नोकर. बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये स्वतः भारतात येऊन सांगून गेले होते की इंग्रजी शाळांवर भर नको, लोकांच्या भाषेत शिकवा आणि मंडळ्या लवकरात लवकर लोकांच्या हाती द्या. सांगणं सोपं होतं. पण ज्यांच्या घरात पुढच्या महिन्याची ज्वारी नाही त्यांनी पाळकाचा पगार कुठून द्यायचा?

म्हणून प्रश्न असा होता: स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकवायचं, पण हात धरून. आणि हात सोडायचा कधी, हे कोण ठरवणार? ज्यानं धरलाय तो, की ज्याचा धरलाय तो?

'आमचे आजोबा कुठे गेले?'

१८८६. ह्यूम सुट्टीवर अमेरिकेत होते. तिथे त्या वेळी धर्मपंडितांमध्ये जोरदार वाद पेटला होता. प्रश्न असा: ज्या माणसानं आयुष्यात ख्रिस्ताचं नावही ऐकलं नाही, तो मेल्यावर त्याचं काय? जुन्या मताचे लोक म्हणत, त्याला तारण नाही. विषय संपला. ह्यूम ज्या अँडोव्हरला शिकले होते, तिथले काही प्राध्यापक म्हणत, अशा माणसाला मृत्यूनंतर संधी मिळत असेल, ही शक्यता नाकारू नका.

अमेरिकेत हा पुस्तकी वाद होता. नगरमध्ये नव्हता. कल्पना करा, शेवगाव-नेवाशाकडचा एक माणूस नवा ख्रिस्ती झालाय. त्याचा पहिला प्रश्न काय असेल? 'साहेब, माझे आजोबा चांगले होते हो. कोणाचं वाईट केलं नाही. त्यांना तुमचं हे काही माहीतच नव्हतं. ते कुठे गेले?' या माणसासमोर बसून 'नरकात' असं म्हणायचं? आणि वर म्हणायचं की देव दयाळू आहे?

ह्यूमनी अँडोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांच्या समारंभात या नव्या विचाराकडे सहानुभूतीनं पाहणारी मतं मांडली. झालं! बोर्डाच्या कमिटीचे कान टवकारले. या माणसाला भारतात परत पाठवायचं की नाही, इथपर्यंत गोष्ट गेली. बारा वर्षं काम केलेला माणूस, शाळा नगरमध्ये वाट पाहतेय, आणि परतीचं तिकीट अडलं एका मतावर. वाद बराच गाजला. अखेर १८८७ मध्ये त्यांना परवानगी मिळाली आणि ते नगरला परतले.

मला या प्रसंगात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मतं न बोलता गप्प राहिले असते तर काहीच बिघडलं नसतं. नोकरी सुरक्षित, शाळा सुरक्षित. पण नगरच्या माणसाला जे उत्तर देता येत नाही ते बोस्टनमध्ये मान हलवून मान्य करायचं, हे त्यांना जमलं नाही. पुढे १९०५ आणि १९११ मध्ये त्यांची पुस्तकं आली. भारताच्या धार्मिक इतिहासात जे चांगलं आहे ते ओळखा, त्याचा आदर करा, हा त्यांच्या लिहिण्याचा रोख होता. अर्थात ते मिशनरीच होते. आपला धर्म सांगण्यासाठीच आले होते, आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. पण ऐकून घेणारा मिशनरी आणि फक्त सांगणारा मिशनरी यात फरक असतो.

छप्पनचा दुष्काळ

आता कठीण भाग.

१८९६-९७ ला दुष्काळ. पाठोपाठ प्लेग. आणि मग १८९९-१९०० चा तो भयंकर दुष्काळ, ज्याला विक्रम संवत १९५६ वरून लोक 'छप्पनचा दुष्काळ' म्हणत. तुमच्या घरात कोणी फार म्हातारं माणूस असेल तर त्यांनी त्यांच्या आजीकडून हे शब्द ऐकलेले असतील.

जनावरं आधी गेली. मग माणसं गाव सोडून खडी फोडायच्या सरकारी कामांवर. आणि मागे राहिली पोरं. आई-बाप गेलेली, किंवा जगवता येत नाही म्हणून कोणाच्या तरी दारात सोडलेली. नगरच्या मिशनच्या आवारात अशी मुलं मोठ्या संख्येनं आली. अमेरिकेतून धान्य आणि पैसा आला, आणि तो वाटण्याच्या कामात ह्यूम सगळ्यांत पुढे होते. या कामासाठी सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं.

पदक मिळालं, टाळ्या वाजल्या. पण आपण इथे थांबायचं नाही. कारण दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांची संख्या वाढली. आणि मग तो प्रश्न आला जो आजही सोशल मीडियावर रोज कुणीतरी विचारतं: हे लोक भाकरीसाठी ख्रिस्ती झाले का?

यावर मला काय वाटतं ते सांगतो, पटलं नाही तर कमेंटमध्ये भांडा.

उपाशी माणसासमोर भाकरी आणि धर्म एकाच ताटात ठेवले तर त्याची निवड किती मोकळी, हा प्रश्न रास्त आहे. तो मिशनला विचारायलाच हवा. पण त्याच वेळी दुसराही प्रश्न विचारायला हवा. ज्याला दुष्काळ नसतानाही गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, त्याची आधीची निवड कितपत मोकळी होती? 'भाकरीसाठी गेले' म्हणताना आपण त्या माणसाला डोकंच नव्हतं असं धरून चालतो. त्याला पोट होतं तसा स्वाभिमानही होता. त्याला शाळा हवी होती, नाव हवं होतं, 'या, बसा' असं म्हणणारं कोणी हवं होतं.

आणि पोटाचं पुढे काय, हा प्रश्न मिशनलाही सुटला नव्हताच. इतकी मुलं सांभाळली, पण मोठी झाल्यावर खाणार काय? सगळी काही उपदेशक होणार नव्हती. म्हणून नगरमध्ये हातकाम शिकवायला जोर आला. चर्चिल नावाच्या एका इंजिनिअर मिशनऱ्यानं तर इथे बसून हातमागात सुधारणा केल्या आणि विणकाम शिकवलं. इंग्लंडवाले चर्चिल नाहीत बरं का! आजच्या भागात नावांचा घोळ फारच आहे.

पाळकाच्या शाळेपासून मागाच्या खटक्यापर्यंत, सगळ्यामागे प्रश्न तोच. हात सोडल्यावर हा माणूस उभा राहील का?

आणि मग नगरला टिळक आले

लोकमान्य नव्हेत. नारायण वामन टिळक. सांगितलं ना, नावांचा घोळ.

टिळक जन्मले रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावला, १८६१ मध्ये. चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे जाणकार, कवी, स्वभावानं अत्यंत अस्वस्थ. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नगरला आले, ह्यूमच्या धर्मशास्त्र विद्यालयात शिकवायला. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहान मुलगा दत्तू मागे राहिले. घर फुटलं. लक्ष्मीबाई नंतर नगरला आल्या, पण सुरुवातीला सोवळं-ओवळं सांभाळून वेगळ्या राहिल्या. पुढे १९०० मध्ये राहुरीला त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे' मध्ये इतकं मोकळेपणानं लिहिलंय की वाचताना हसू येतं आणि पुढच्याच पानावर घसा दाटतो. नगरचं ते मिशनचं आवार, तो दुष्काळ, तो प्लेग, ती पोरं, सगळं एका बाईच्या नजरेतून पाहायचं असेल तर हे पुस्तक वाचाच.

आता ह्यूम आणि टिळक हे नातं बघा. एक साहेब, विद्यालयाचे प्रमुख. दुसरा त्यांच्या हाताखाली शिकवणारा. पण मराठी कोणाची मोठी? संतांची परंपरा कोणाच्या रक्तात? टिळक म्हणायचे की मी ख्रिस्ताकडे आलो तो तुकारामांच्या वाटेनं. त्यांना दिसत होतं की मंडळ्यांमध्ये गायल्या जाणाऱ्या गीतांमध्ये भाषांतराचा वास फार, चाली परक्या. नगरचे कृष्णराव सांगळे यांनी टिळकांच्याही आधी ख्रिस्ती कीर्तनं केली होती. टिळकांनी ती वाट मोठी केली. अभंग, भजनं, कीर्तन. मराठी माणूस ख्रिस्ती झाला म्हणून त्यानं टाळ का खाली ठेवायचा? आज मराठी मंडळ्यांमध्ये जी गीतं गातात त्यांतली कितीतरी टिळकांची आहेत.

१९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. नगरच्या त्यांच्या घरी बालकवी ठोंबरेंसारखा कवी मुलासारखा राहून गेला. १९१२ पासून टिळक 'ज्ञानोदय' च्या मराठी भागाचं संपादन करू लागले. लक्षात आलं का? जे पत्र एके काळी ह्यूमचे वडील चालवत होते, ते आता ह्यूमच्या विद्यालयातल्या मराठी शिक्षकाच्या हातात. एक पिढी मागे साहेबानं लिहायचं आणि मराठी माणसानं वाचायचं, असं होतं. आता उलटं झालं.

आणि १९१७ मध्ये टिळकांनी मोठं पाऊल टाकलं. मिशनचा पगार सोडला. साताऱ्याला राहून 'देवाचा दरबार' सुरू केला. कल्पना अशी की ख्रिस्ताला मानणाऱ्यांचा एक खुला परिवार असावा. मिशनचा नाही, पंथाचा नाही, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही दार उघडं. भारतीय पद्धतीचा, भारतीय माणसांचा. पुढे दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ ला, टिळक गेले. दरबार फार वाढला नाही.

ह्यूम तेव्हा सत्तरीत होते. तत्त्व म्हणून विचाराल तर टिळकांनी केलं ते अगदी त्यांच्या पंथाच्या शिकवणीप्रमाणे होतं. स्वतःच्या पायावर उभं राहा. कोणाचा पगार नको, कोणाचा हुकूम नको. पण संस्था चालवणाऱ्या माणसाच्या बाजूनं पाहा. सगळ्यांत गुणी माणूस म्हणतो, मला तुमची गरज नाही. शिक्षकाला यापेक्षा मोठं यश कोणतं? आणि यापेक्षा जास्त टोचणारं तरी काय?

शेवटची वर्षं

१९२४ मध्ये उत्तर आणि पश्चिम भारतातल्या प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र आल्या. युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया असं त्याचं नाव. अमेरिकेतले पंथांचे वाद इथे कशाला वाहायचे, इथली मंडळी एक असू दे, हा त्यामागचा विचार. याच परंपरेतून पुढे १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. आणि १९२४ च्या त्या एकत्रित चर्चचे पहिले मॉडरेटर, म्हणजे अध्यक्ष, झाले रॉबर्ट ह्यूम.

मान मोठा होता. पण आता इतकं बोललोय तर हेही बोललं पाहिजे. भारतीय चर्च उभं राहतंय, आणि त्याच्या पहिल्या खुर्चीवर कोण? एक अमेरिकन. इतकी वर्षं नेतृत्व तयार करणारी शाळा चालवली, आणि वेळ आली तेव्हा खुर्चीवर पुन्हा साहेबच. लोकांनी प्रेमानं निवडलं असेल. ते भायखळ्यात जन्मलेले, मराठी बोलणारे, नगरमध्ये म्हातारे झालेले, म्हणून 'आपलेच' वाटले असतील. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. इतिहासात माणसं अशी अर्धवटच सापडतात. पूर्ण वाट चालून गेलेली क्वचित.

१९२६ मध्ये ते निवृत्त झाले आणि अमेरिकेला गेले. १९२९ मध्ये तिथेच वारले. त्यांची मुलगी रूथ डॉक्टर होती, तिनं नगरच्या बायकामुलांच्या मिशन हॉस्पिटलात काम केलं. नगरमध्ये आजही ह्यूम मेमोरियल चर्च आहे. माळीवाड्याला एसटीतून उतरून रिक्षावाल्याला विचारलंत तर सांगेल.

पण गोष्ट तिथे संपत नाही

१९४७. देश स्वतंत्र होतोय. आणि त्याच वर्षी नगरमध्ये एक कॉलेज सुरू होतं, अहमदनगर कॉलेज. तोवर नगरच्या मुलाला पदवी घ्यायची तर पुणे-मुंबई गाठावी लागे. म्हणजे ज्याच्या घरी पैसा त्यालाच पदवी. हे कॉलेज उभं केलं भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी. मराठी ख्रिस्ती माणूस, मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापकी केलेला. पहिले प्राचार्यही तेच.

हे कॉलेज उपदेशक तयार करायला नव्हतं. तिथे नगर, पाथर्डी, शेवगाव, पारनेरकडची सगळ्या जाती-धर्मांची पोरं आली. बी.ए., बी.एस्सी. झाली, नोकरीला लागली, मास्तर झाली, साहेब झाली. ज्या मंडळीला कधी बोस्टनकडून पगार यायचा, त्या मंडळीतल्या एका माणसानं अख्ख्या जिल्ह्यासाठी दार उघडलं. घेणारा हात देणारा झाला.

मला वाटतं, ह्यूमच्या १८७८ च्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या हयातीत मिळालंच नाही. ते इथे मिळतं. हात कधी सोडायचा हे हात धरणाऱ्यानं ठरवून कधीच होत नाही. टिळकांनी तो झटकून सोडवला, आणि दुखलं. हिवाळ्यांनी तोच हात दुसऱ्यांसमोर धरला.

तुमच्याही आयुष्यात असं कोणी असेल. तुम्हाला शिकवलेले मास्तर, क्लासवाले सर, पहिल्या नोकरीतले बॉस, मोठा भाऊ, आई. ज्यांच्यामुळे उभे राहिलात, आणि ज्यांच्याशी नंतर खटकलं, कारण तुम्ही उभे राहिलात. असं कोणी आठवलं तर आज एक फोन करा. भांडण मिटवायलाच हवं असं नाही. फक्त विचारा, 'सर, कसे आहात?'

आणि नगरकरांनो, तुमच्या घरात अहमदनगर कॉलेजच्या सुरुवातीच्या बॅचमधलं कोणी असेल, किंवा मिशनच्या शाळेत शिकलेली आजी असेल, तर त्यांना बोलतं करा. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा. कॅमेरा नको, आजी लाजतात. नुसता आवाज पुरे.

पुढच्या भागात भेटूच. तोवर काळजी घ्या, मंडळी!